अंगावर काढायचं की रजा काढायची?

रात्रीपासून अंगात कणकण असते. पहाटे जाग येते ती घसा कोरडा पडल्यामुळे, आणि मग उजाडेपर्यंत डोक्यात एकच हिशेब चालू राहतो, आज जायचं की नाही. मेसेज टाइप होतो, खोडला जातो, पुन्हा टाइप होतो. पहिल्या मसुद्यात लक्षणं फार झालेली असतात, दुसऱ्यात फारच कमी. फोनच करावा लागला तर आवाज आपोआप खोल जातो. मुळात बसलेला असतोच, तरी आपण तो आणखी थोडा बसवतो. खरोखर आजारी असलेल्या माणसाला आजारी असल्याचं नाटक करावं लागतं असे प्रसंग आयुष्यात फार येत नसावेत.

बहुतेक वेळा मात्र फोन होतच नाही. आपण उठतो, आवरतो आणि निघतो. कारण हिशेबाचं सूत्र साधं असतं: सहन होतंय ना? मग जायचं. उभं राहता येतंय, डोळे उघडे राहतायत, एक गोळी घेतली की दुपारपर्यंत निभेल, म्हणजे आपण कामावर जाण्याइतके बरे आहोत. शाळेत असताना मोठ्यांनी आपल्याला लावलेली ही कसोटी पुढे आपणच स्वतःला लावत राहतो. पोट दुखतंय म्हटल्यावर कुणीतरी कपाळाला हात लावून बघायचं आणि दप्तर हातात द्यायचं, तसं.

मला ही कसोटीच चुकीची वाटते. मला किती सोसतं हा माझ्या सोशिकपणाचा प्रश्न झाला. मी कामावर गेल्यावर माझा आजार कुणाकुणापर्यंत पोचणार, हा अगदी निराळा प्रश्न आहे, आणि पहाटेच्या त्या हिशेबात तो बहुधा कधी येतच नाही.

सोशिकपणाचं आपल्याला भारी कौतुक. 2002 च्या मे महिन्यात अँटिग्वाच्या कसोटीत फलंदाजी करताना अनिल कुंबळेच्या तोंडावर चेंडू बसला आणि जबडा मोडला. तरी डोक्या-हनुवटीभोवती पट्टी गुंडाळून तो गोलंदाजीला उतरला, सलग 14 षटकं टाकली, ब्रायन लाराला पायचीत केलं आणि मग शस्त्रक्रियेसाठी मायदेशी परतला. ज्यांनी ते पाहिलं ते कुणी विसरलेले नाहीत, मीही नाही. पण मोडलेला जबडा शेजारच्या क्षेत्ररक्षकाला लागत नाही. वेदना त्याची होती, धोका त्याचा होता, म्हणून निर्णयही त्याचा. तापाने फणफणलेला माणूस बंद खोलीतल्या मीटिंगला येऊन बसतो तेव्हा आपण त्याला त्याच मापाने मोजतो आणि तिथेच घोळ होतो. 'एवढा ताप असून आला बघा' असं म्हणणारे त्याच्या डाव्या-उजव्या खुर्चीतलेच असतात, आणि तीन दिवसांनी तेच नाक शिंकरत असतात.

विषाणूंचं स्वतःचं एक वेळापत्रक असतं. आपल्या सहनशक्तीशी त्याचा काही संबंध नसतो. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यावर साधारण 1 ते 4 दिवसांत लक्षणं दिसू लागतात. पण त्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो पसरवू शकतो आणि आजारी पडल्यावर पुढचे 5 ते 7 दिवस पसरवत राहतो. त्यातही पहिले 3-4 दिवस सगळ्यांत जोराचे. म्हणजे 'आज तर जाऊन येते, वाढलं तर उद्या बघू' असं आपण ज्या दिवशी म्हणतो, नेमका तोच दिवस विषाणूच्या सोयीचा असतो. कोविडच्या काळात हे साऱ्या जगाला एकदम कळलं, की लक्षणं सुरू होण्याच्या आगेमागचे दिवसच सर्वांत घातक. दोन-तीन वर्षं लोकांनी त्या हिशेबाने दिवस मोजले. मग कंटाळले, आणि आता पुन्हा कपाळाला हात लावून ठरवणं सुरू आहे.

नोरोव्हायरसचं प्रकरण तर याहून बोलकं. उलट्या-जुलाबांच्या साथींमागे बऱ्याचदा हाच असतो, आणि एका माणसातून दुसऱ्यात जायला त्याचे मोजके कण पुरतात. म्हणून उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान 48 तास कामावर येऊ नये, आणि रांधणाऱ्या-वाढणाऱ्यांनी, आजाऱ्यांची किंवा लहान मुलांची देखभाल करणाऱ्यांनी तर मुळीच येऊ नये, असं आरोग्य खाती सांगतात. अडचण अशी की त्या 48 तासांत माणसाला ठीकच वाटत असतं. भूक लागते, घरात बसून कंटाळा येतो, इतर लोक राबतायत म्हणून लाजही वाटते. सहन होण्याच्या परीक्षेत तो पहिल्या वर्गात पास झालेला असतो. त्याला घरी बसवायचं कसं?

आणि गोळी. ताप म्हणजे शरीराने स्वतःच स्वतःचं तापमान वर नेऊन ठेवलेलं असतं. संसर्गाची चाहूल लागली की प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि मेंदूतला हायपोथॅलॅमस त्या निरोपावरून अंग तापवतो. पॅरासिटामॉल तो निरोप अडवतं, म्हणून ताप उतरतो, अंगदुखी कमी होते. विषाणू जागच्या जागी असतो. त्यामुळेच फ्लूबद्दलच्या सूचनांमध्ये 'औषध न घेता 24 तास ताप नसावा' अशी अट असते. त्यातले 'औषध न घेता' हे शब्द वाचायचे राहून जातात. गोळी घेऊन आलेला माणूस उलट जास्त हिंडतो, चार लोकांशी बोलतो, कुणाच्या तरी स्क्रीनवर वाकून बघतो. न घेता आला असता तर निदान कोपऱ्यात गप्प बसला असता.

हे सगळं लोकांना ठाऊक नाही म्हणून ते आजारी असताना कामावर जातात, असं मला पूर्वी वाटायचं. मग अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातली एक पाहणी वाचनात आली, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली. 500 हून अधिक डॉक्टर, प्रशिक्षित परिचारिका आणि त्यांच्या बरोबरीने रुग्ण तपासणारे इतर यांना विचारलं होतं: आजारी असताना कामावर आल्याने रुग्णांना धोका होतो का? 95 टक्क्यांहून जास्त जणांचं उत्तर 'होतो'. मागच्या वर्षभरात तुम्ही स्वतः तसे आलात का? 83 टक्के 'हो, एकदा तरी'. ज्यांना संसर्ग म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही, ज्यांच्यासमोर पाळण्यात दुबळी बाळं असतात, त्यांची ही गत. कारणं विचारली तेव्हा सगळ्यांत वर आलेलं, जवळजवळ सगळ्यांनी दिलेलं कारण: सहकाऱ्यांना तोंडघशी पाडायचं नव्हतं. मग, माणसं कमी पडतील ही भीती. मग, रुग्णांची गैरसोय. आळस, लोभ, अज्ञान यांतलं काहीही नाही. सगळी कारणं भल्या माणसाची.

म्हणून या प्रश्नात उपदेशाचा काही उपयोग नाही असं मी म्हणते. माणूस विषाणूच्या बाजूने नसतो, तो शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीच्या बाजूने असतो. आपण गेलो नाही तर आपलं काम तिच्या गळ्यात पडणार, ती चिडणार नाही, 'अगं विश्रांती घे' असंच म्हणेल, आणि तेच फार लागतं. जिथे एक माणूस न आल्याने सगळं अडतं, तिथे मुळात माणसंच एक कमी ठेवलेली असतात. पण वेळापत्रक आखणाऱ्याला लागायची ती बोचणी आजारी माणसाच्या मनाला लागते. कुणाच्या तरी वार्षिक हिशेबात झालेली बचत ही अशी पहाटे आपल्या अंथरुणात येऊन टोचते.

थोडा अहंकारही असतो यात, तो नाकारण्यात अर्थ नाही. माझ्याशिवाय चालायचं नाही. बहुतेक वेळा चालतं. ते चाललेलं आपल्याला पाहावं लागू नये म्हणूनही काही जण जात असतील.

पण मैत्रीण, अहंकार या जरा सुखवस्तू अडचणी झाल्या. खरी अडचण पैशाची. मेरी मॅलनची गोष्ट बहुतेकांना 'टायफॉइड मेरी' या नावाने माहीत असते. आयर्लंडहून आलेली, न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांमधून स्वयंपाक करणारी बाई. टायफॉइडचे जंतू तिच्या अंगात होते, पण ती स्वतः कधी आजारी दिसली नाही. 1907 मध्ये तिला शोधून काढलं आणि नदीतल्या एका बेटावर वेगळं ठेवलं. 1910 मध्ये सोडलं ते एका अटीवर, की पुन्हा स्वयंपाकाचं काम करायचं नाही. तिने कपडे धुण्याचं काम धरलं. त्यात पैसे बरेच कमी मिळायचे. पुढे नाव बदलून ती पुन्हा चुलीशी गेली. 1915 मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रसूती रुग्णालयात 25 जणांना टायफॉइड झाला, दोघं दगावली. स्वयंपाकघरात मेरी होती. तिला पुन्हा बेटावर नेलं आणि 1938 साली मरेपर्यंत ती तिथेच राहिली.

ही गोष्ट बेजबाबदार बाईची म्हणून सांगतात. ती बेजबाबदार वागली, दोन जीव गेले, हे खरंच आहे. तिला तर आपण आजारी आहोत हेच शेवटपर्यंत पटलं नव्हतं. पण मला त्या गोष्टीत पगार दिसतो. तिला काय करायचं नाही ते सांगितलं गेलं. स्वयंपाकाएवढे पैसे देणारं दुसरं काम मात्र कुणी हातात ठेवलं नाही. बेटावर तिला वर्षानुवर्षं पोसायला सरकारकडे पैसे होते, हेही त्यातच आलं.

आजही चित्र तेच आहे, फक्त बेट नाही. ज्याला लॅपटॉप उघडून घरून काम करता येतं त्याच्याकडे आजारपणाची भरपगारी रजा बहुधा असते. जो दुसऱ्याच्या ताटात अन्न वाढतो, म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालतो, गर्दीत तिकिटं देतो, ज्याचा आजार दिवसभरात शेकडो लोकांपर्यंत जाऊ शकतो, त्याचा दिवस भरला नाही तर पैसे कापले जातात. अमेरिकेसारख्या देशात खासगी नोकरांना आजारपणाची भरपगारी रजा दिलीच पाहिजे असा देशभर लागू असलेला कायदा अजून नाही. काही राज्यांनी आपापले केलेत. अशा माणसाला 'आजारी असाल तर घरी थांबा' असं सांगणारा फलक प्रवेशद्वाराशी लावलेला असतो. तो लावणाऱ्यांना भरपगारी रजा असणार.

यातली सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे बिनपगारी पहिले दिवस. अनेक देशांच्या आजारपणाच्या विम्यात अशी तरतूद होती किंवा आहे, की आजारपणाचे पहिले एक-दोन-तीन दिवस काहीच मिळायचं नाही, पैसे त्यानंतर सुरू. हेतू उघड आहे: एका दिवसाच्या दांड्या मारणाऱ्यांना चाप. हिशेबनिसाच्या नजरेने बघितलं तर शहाणपणाचं वाटतं. आता हे फ्लूच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. ज्या पहिल्या तीन दिवसांत माणूस सर्वाधिक संसर्ग पसरवतो, तेच तीन दिवस आपण त्याला घरी बसण्यासाठी दंड करतो. आणि जोर ओसरल्यावर म्हणतो, आता थांबा घरी, आता पैसे देतो. दांडीबहाद्दर यातून सुधारतो की नाही देव जाणे. दांडीच मारायची तर तो चार दिवसांची मारेल. खरा आजारी मात्र पहिल्याच दिवशी कामावर हजर होतो.

याच मुद्द्यावर जर्मनीत एक मोठा संप झाला होता. 1956 च्या ऑक्टोबरात श्लेस्विग-होल्श्टाइन प्रांतातले धातुउद्योगातले आणि गोद्यांमधले हजारो कामगार कामावरून उतरले आणि 16 आठवडे उतरलेलेच राहिले. टेबलावर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना आजारपणात पगार चालू राहायचा, हातांनी काम करणाऱ्यांना नाही. मागणी ती दरी बुजवण्याची होती. 1957 मध्ये त्यातला बराच भाग कायद्यात आला, आणि आजारपणात दोघांना सारखाच पगार मिळायला 1970 उजाडावं लागलं. ऐन थंडीत चार महिने बिनपगारी काढले ते आजारपणातल्या चार दिवसांच्या पगारासाठी, हे आधी वाचलं तेव्हा मला वेडेपणाचं वाटलं. पण त्यांच्यापैकी प्रत्येकाने ती पहाट अनुभवलेली असणार. ताप अंगात आणि घरात महिनाअखेर.

सोसून जाणाऱ्याचं स्वतःचं काय होतं, हे थोडक्यात सांगते, कारण तिथे फार वाद नाही. लंडनच्या सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षं चाललेला 'व्हाइटहॉल' नावाचा अभ्यास आहे. प्रकृती बरी नसूनही ज्या पुरुष कर्मचाऱ्यांनी तीन वर्षांत आजारपणाची एकही रजा घेतली नव्हती, त्यांच्यात पुढे हृदयविकाराचे गंभीर प्रसंग, तशाच प्रकृतीच्या पण बेताची रजा घेणाऱ्यांपेक्षा दुपटीने दिसले. रजा न घेतल्यानेच तसं झालं असं यावरून छातीठोक सांगता येणार नाही. जो माणूस रजा घेत नाही तो डॉक्टरकडेही जात नसेल, छातीत दुखलं तरी अंगावर काढत असेल. कामाच्या दर्जाबद्दलही तेच. इंग्लंडमधल्या सॉल्झबरीला 1946 ते 1990 सर्दीवर संशोधन करणारी एक संस्था होती. स्वयंसेवकांना तिथे मुद्दाम सर्दी-फ्लूची लागण करून बघत, आणि फ्लू झालेल्यांच्या प्रतिक्रिया मंदावलेल्या आढळल्या. तापात लिहिलेला ईमेल दुसऱ्या दिवशी स्वतः वाचून बघितला असेल त्याला सॉल्झबरीला जायची गरज नाही.

घरून काम करण्याची सोय आली तेव्हा वाटलं, सुटला प्रश्न. शेजारच्यांची नाकं वाचली हे खरं. पण आजारपणाची रजाच हळूहळू विरघळून गेली. पूर्वी निदान दोन शक्यता होत्या, कामावर किंवा घरी. आता तिसरी आहे: अंथरुणात, उशीला टेकून, कॅमेरा बंद ठेवून. 'आज बरं नाही, पण ऑनलाइन आहे' हे वाक्य मला मनापासून आवडत नाही. ते लिहिणाऱ्याचा राग नाही येत, ते वाचून 'छान, मग अकराचा कॉल ठेवूया ना?' असं उत्तर देणाऱ्याचा येतो.

इथपर्यंत मी संसर्गाच्या बाजूने बोलत आले. पण पुष्कळ आजार कुणालाच लागत नाहीत. अर्धशिशी, पाळीतलं पोट, पाठीचा मणका, नैराश्य, केमोथेरपीनंतरचे दिवस. तिथे माझा 'कुणापर्यंत पोचणार' हा प्रश्न निकामी ठरतो आणि 'सहन होतंय का' हाच उरतो. तोही सरळ नाही. नैराश्यात काहींना कामावर जाणं हाच दिवसभरातला एकमेव आधार असतो. घरी थांब म्हणणं त्यांना चार भिंतींत ढकलण्यासारखं. काहींना उंबरठा ओलांडणंच अशक्य होतं, आणि बाहेरून दोघंही सारखीच दिसतात. केमो चालू असताना कामावर येणाऱ्या एका बाईंना सगळे 'कशाला येता' म्हणायचे. त्या म्हणायच्या, इथे आले की निदान चार तास कुणी माझी तब्येत विचारत नाही. नेमकं ते 'कशाला येता' विचारणाऱ्यांनाच सांगायच्या. इथे नियम करता येत नाही. ज्याचं त्याला ठरवू द्यावं आणि ठरवलेलं मान्य करावं, याच्यापुढे माझी मजल जात नाही.

खोकल्याचंही असंच अर्धवट. सर्दी उतरते, ताप जातो, माणूस पसरवण्यापुरता केव्हाच बरा झालेला असतो आणि खोकला मागे राहतो. साध्या खोकल्याला पूर्ण जायला सरासरी 18 दिवस लागतात, लोकांची अपेक्षा मात्र आठवड्याभराची असते. उरलेले दिवस तो खोकणारा माणूस सगळ्यांच्या नजरा झेलत हिंडतो. जो पहिल्या दिवशी गोळी घेऊन हसत आला होता त्याच्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. मास्क लावावा, खिडकी उघडावी आणि कामाला लागावं. तीन आठवडे कुणी रजेवर बसू शकत नाही.

मी आता ज्या जागी आहे तिथे असे मेसेज मला येतात. आमच्याकडे मी एवढंच सांगून ठेवलंय: 'आज येत नाही' आणि कुठलं काम कुणाकडे द्यायचं, या दोन ओळी पुरे. लक्षणं लिहू नका, मी डॉक्टर नाही. बहुतेक जण तसंच करतात. नव्याने आलेला एक मुलगा मात्र थर्मामीटरचा फोटो पाठवतो. आधीच्या नोकरीत मागायचे म्हणे. त्याला दोनदा सांगून झालं, अरे मी ते बघत नाही. पण फोटो समोर आला की नजर जातेच. 102 असला की मी लगेच 'काळजी घे' लिहिते. 99.4 असला तरी तेच लिहिते, फक्त त्याआधी क्षणभर वाटून जातं, एवढ्यावर यायला हरकत नव्हती.